माळणीचा राघू, शेटजीचं कुत्रं

“कायद्यानं बोल, बापू!” असं म्हणताना ती तराजूची दांडी हवेत तशीच धरून ठेवायची. गिऱ्हाइकानं वांग्यांवर मूठभर कोथिंबीर फुकट मागितली की दांडी थांबलीच. अशा बाया तुम्हीही बाजारात पाहिल्या असतील. अमरावतीच्या परकोटाबाहेर तिची आणि माझी भाजीची वाडी बांधाला बांध लागून होती. मी तिला माय म्हणायचो.

हे पालुपद तिनं कचेरीतून आणलं होतं.

नवरा गेल्यावर तिनं भुऱ्या नावाचं कुत्रं चुलीपाशी निजवून वाढवलं. कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली ती लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेली. भुऱ्या तिच्या मागावर निघाला आणि कापसाच्या गाड्यांमागं बाजारात पोचला. तिथल्या एका दलालानं त्याला वखारीवर बांधलं आणि बाजारात कुत्रं सापडल्याची दवंडी पिटवली. ती आमच्या कानावर आलीच नाही. कापसाच्या बाजारात आम्हा माळ्यांचं काय काम? इकडं मी भुऱ्यासाठी सगळी रानं पालथी घालत होतो.

ती परतली आणि तडक वखारीवर गेली. तिला पाहून भुऱ्या साखळी तोडायला उठला. पण त्या दलाल शेटजीनं कुत्रं सोडलं नाही. ती कचेरीत गेली, तर अंमलदारही त्याच्याच बाजूनं बोलला. दवंडीनंतर महिनाभर मालक आला नाही, तर जनावर सांभाळणाऱ्याचं.

“बाळंतणीपाशी सव्वा महिना राहा लागते, सायेब. लेकीले टाकून येऊ काय?”

“कायद्यात महिनाच आहे, बाई.”

शेटजी हसला. मेल्याचं ते हसू मी अजून विसरलो नाही.

पुढच्या हंगामात शेटजी मुंबईला गेला आणि मागं त्याचा लाडका राघू पिंजऱ्यातून उडाला. बसला कुठं, तर मायच्या पेरूवर! तिनं लाल मिरची दाखवून त्याला धरला आणि आमच्या इवल्याशा माळीवस्तीत दवंडी पिटवली. सापडलं तिथंच द्यायची ना दवंडी! दवंडीवाल्याला भरीत-भाकर खाऊ घातली आणि महिना भरायची वाट पाहत बसली.

पहिल्याच सकाळी राघू बोलला, “भुऱ्या, आ बेटा, आ!” हुबेहूब शेटजीचा आवाज, पण लोण्यासारखा मऊ. तिच्या हातातलं खुरपं गळालं. मला वाटलं, आता ही विरघळणार. कसली विरघळते!

“माह्या कुत्र्याले बेटा म्हनते मुडदा!”

शेटजी मुंबईहून आला आणि धावतच वाडीवर आला.

“कायद्यानं बोला, शेटजी. महिना झाला,” ती म्हणाली.

कचेरीत जायला त्याला तोंडच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो भुऱ्याला साखळीनं घेऊन आला. “घे तुझं कुत्रं. माझा राघू दे.”

भुऱ्या कुईकुई करत तिच्याकडं ओढ घेत होता. तिनं पदर मुठीत आवळला. “आंधी बाजारात दवंडी पिटवा, का हे कुत्रं माळणीचं हाये अन् म्या लबाडीनं ठेवलं. मंग न्या राघू.”

“एका कुत्र्यापायी माझी इज्जत घालवू?” साखळीला हिसका देऊन तो गेला. भुऱ्या वळून वळून पाहत होता.

“माय, कावून नाही घेतलं त्याले?” मी ओरडलो.

“गप, बापू. नाक घासत येते का नाही पाह्य.”

शेटजी आला नाही. त्या उन्हाळ्यात भुऱ्या वखारीवरच मेला.

ती चारचौघांत रडली नाही. मात्र रोज दिवेलागणीला बांधावर उभी राहून हाक मारायची, “भुऱ्या, चाल घरी! चाल माह्या बापा!” वर्षानुवर्षं. कोणी हसलं तर तिच्या वतीनं मी त्याच्यावर राग काढायचो.

ती गेल्यावर पिंजरा माझ्याकडं आला. तिचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी शेटजी माझ्या दारात उभा. कापूस उतरला तसा तोही उतरला होता, काठी टेकत आला होता.

“आता तरी दे. ती तर गेली.”

माझ्या हातात तिचाच तराजू होता. मी दांडी उचलून धरली. “कायद्यानं बोला, शेटजी.”

तेवढ्यात राघू ओरडला, “भुऱ्या, चाल घरी! चाल माह्या बापा!” आवाज मायचा.

शेटजीनं दचकून बांधाकडं पाहिलं आणि मटकन ओसरीवर बसला. ऊन रणरणत होतं, तो सुकल्या ओठांवरून जीभ फिरवत होता.

मी त्याला पाणी विचारलं नाही.