सावलीत लावलेला ट्रक

सुमे, ये, अशी जवळ बस. वाकडहून मोशीला यायला तुला दिवाळी लागते, आणि आलीस तरी एक डोळा घड्याळावर. आज उठू देणार नाही. आज तुला चाचांचं सांगते. तुझे काका तुला ठाऊक आहेत, पण चाचा ठाऊक नाहीत, आणि चाचा ठाऊक नसतील तर काकाही अर्धेच ठाऊक आहेत. हे एवढं बोलतानाही माझ्या पोटात दुखतं, बरं का.

चाचा म्हणजे चाकणच्या रस्त्याला गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे ते. पत्र्याची शेड, पुढं कडुनिंब. त्यांची ओळख म्हणजे मिटलेले डोळे. गाडी आली की बोनेट वर करायचे, कान तिरका करायचे आणि डोळे मिटायचे. रस्त्यावरून कंटेनर धडधडत जात असायचे, पण शेडमध्ये कुणी तोंड उघडलं की चाचांचा तळहात वर. एसीचं बटण दाबलं की आतल्या कॉम्प्रेसरची चकती टक करून पकडते. तो टक त्यांना ऐकायचा असायचा. "आधी ऐकू, मग हात लावू," म्हणायचे. इतर कुठंही गाडी नेली की उत्तर ठरलेलं, गॅस संपलाय. चाचांना त्याचं हसू यायचं. "ताप आला की लाव सलाईन. अरे भाई, नाडी तरी बघ."

आपला ट्रक जुना, दुसऱ्याकडून घेतलेला, पण केबिनला एसी. कंपन्यांचा माल वाहणाऱ्या लोकांत तेव्हा तेवढाच काय तो आमचा रुबाब. एका उन्हाळ्यात तो एसी रुसला. सकाळी मोशीतून निघताना गार, आणि चाकणच्या चौकात गर्दीत अडकलं की बंद. तुझ्या काकांनी आधी दोनदा गॅस भरून पाहिला, मग कुणीतरी चाचांचं नाव सांगितलं. त्या रविवारी गेले ते दिवस कलल्यावर आले. पुढच्या रविवारी परत. त्याच्या पुढच्याही.

"झाला का एसी?" मी विचारायची.

"आता चालतोय."

"मग इतका वेळ काय केलं?"

"बसलो होतो."

घरात हा माणूस दोन शब्दांचा. जेवताना 'वाढ' आणि बाकी सगळ्याला 'हं'. आणि तिकडं? आपल्या शेजारणीचा मुलगा त्याच शेडवरून कामाला जायचा. ती मला सांगते, "अहो, तुमचे हे काय हातवारे करून हसवतात हो सगळ्यांना." आपल्या नवऱ्याला हातवारे करता येतात हे मला शेजारणीकडून कळलं. बाई असती तर उभं राहून भांडले तरी असते. एसीवाल्याशी कशावरून भांडू?

एकदा सहज म्हणाले, चाचांच्या चहात वेलची असते. दुसऱ्या दिवसापासून मी आलं बंद केलं आणि वेलची घालायला लागले. आठवडाभर चहा प्यायले आणि मग विचारतात, "आलं संपलंय का?"

शेवटी एका रविवारी मीच केबिनमध्ये चढून बसले. म्हटलं, बघू तरी काय आहे तिथं. चौकात एसी बंद पडला, मला घाम फुटला, आणि हे मात्र खुशीत. शेडपाशी पोचल्यावर यांनी ट्रक मागंपुढं करून नेमका कडुनिंबाच्या सावलीत लावला, इंजिन बंद केलं, बोनेट उघडलं आणि बाकावर जाऊन बसले. चहा आला. चहा संपला, दुसरा आला. कुठल्याशा ढाब्यावरच्या कुत्र्याची गोष्ट चालली होती. मी एवढ्या वर्षांत ती ऐकली नव्हती. मग चाचा म्हणाले, "वहिनी, जरा बटण दाबा." दाबलं. टक.

"चालतोय की," हे म्हणाले.

"चालतोय," चाचा म्हणाले. आणि दोघं परत बाकावर.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दुखणं गरम गाडीचं, आणि हे ती निववून दाखवतायत. मी खिडकीतून म्हटलं, "गाडी उन्हात घ्या, आणि इंजिन चालू राहू द्या." यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी पंगतीतून ताट उचललं.

उन्हात इंजिन तापलं तसा टक गेला. चाचांनी लाकडी दांड्यानं चकती जरा आत ढकलली, तशी तिनं पकडलं. "गॅस भरपूर आहे, वीजही येतेय," ते म्हणाले. "चकती झिजलीय, मधली फट वाढलीय. थंड असताना चुंबक ओढून घेतं, गरम झालं की त्याला तेवढा जोर राहत नाही." इंजिन बंद करून त्यांनी चकतीमागचं एक पातळ वायसर काढलं, फट कमी केली. झालं काम.

"हे तुम्हाला आज कळलं?" मी विचारलं.

चाचा हात पुसत होते. "नाही वहिनी, खोटं कशाला बोलू. पहिल्याच रविवारी कळलं. पण भाऊ गाडी सावलीत लावत होते. गाडी सावलीत लावणाऱ्याला घाई नसते."

परत येताना केबिन गारेगार. मी जिंकले होते. मोशी आली तेव्हा हे एवढंच म्हणाले, "आता बरं वाटतंय ना?" पुढचे दोन रविवार घरात पेपर उलटसुलट करत बसले. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "हॉर्नचा आवाज जरा बसलाय," आणि गेले.

हे गेले, म्हणजे कायमचे गेले, तेव्हा चाचा भेटायला आले. पायरीवर बसले. मी विचारलंच, "एवढं काय बोलायचे हो तुमच्याशी?" चाचांनी डोळे मिटले, गाडीपाशी मिटायचे तसेच. म्हणाले, "भाऊ घाटाला भ्यायचे, वहिनी. एकदा पावसात ब्रेक लागला नव्हता, तेव्हापासून. घाट आला की रेडिओ बंद करायचे."

मी जन्मभर डबा हातात देऊन दारातून 'सांभाळून जा' म्हणत राहिले, आणि हा माणूस भितो हे मला ठाऊक नाही. ती भीती माझ्या हक्काची होती, सुमे. ती शेडमध्ये सांगून आले.

आता रस्ता रुंद झाला, कडुनिंब गेला, शेडही गेली. चाचा लेकीकडं संगमनेरला असतात. ट्रक तुझा भाऊ चालवतो, आणि चकती पुन्हा झिजलीय, चौकात एसी पुन्हा बंद पडतो. मी फोन केला की चाचा येतात. आले की काकांची एक गोष्ट सांगतात, एकच. मागच्या खेपेला म्हणाले, "भाऊ शिट्टी काय सुरेख वाजवायचे." घरात कधी ओठांचा चंबूसुद्धा केला नाही. मी अजून जळते. तुझा भाऊ म्हणतो, "काकू, एकदाच नीट करून टाकू ना." त्याला काय कळतंय.

येत्या रविवारी चाचा येणार आहेत. तू ये. एकटीनं ऐकलं की नंतर ते कुणाला सांगायला नसतं. चहा मी करीन, आलं आणि वेलची दोन्ही घालून, बघू चाचा काय म्हणतात. आणि तुझ्या भावाला आठवणीनं निरोप दे. गाडी उन्हात उभी करू नको म्हणावं. आपल्या फाटकापाशी आंब्याची सावली आहे, तिथं लाव. आणि तूही लवकर ये, गाडी निवायच्या आत; गोष्ट तेवढ्यातच होते.