वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं

“वर तीन नंबरला दोन चहा, पाच नंबरला भजी गरम, सहा नंबरला भाकरी कडक!”

वेटर असा ओरडला की रस्त्यावरच्या टांग्याचं घोडं बिचकून जागच्या जागी उभं राहिलं. आतून आचाऱ्यानं “आय्तु, आय्तु” असा कानडीत होकार भरला आणि कोरड्या तव्यावर उलथनं आपटलं.

वर कुणीही नव्हतं. खाली गिऱ्हाईक म्हणून मी एकटा होतो, आणि मी काहीच मागवलं नव्हतं.

ही रीत मालकांची, म्हणजे अप्पांची. त्यांचं म्हणणं, “गिऱ्हाईक गिऱ्हाईकाला बघून येतंय. बघायला न्हाय तर ऐकायला तरी पायजे की.” खाली हॉटेल, वर लॉज, असा हा डोलारा त्यांच्या वडिलांनी उभा केला तो मिलच्या भरभराटीत. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की इतकी झुंबड उडायची म्हणे, की आत गेलेला माणूस पुढच्या भोंग्यालाच बाहेर पडायचा, तोही दुसऱ्याच्या चपला घालून. कापसाचे व्यापारी खोली मिळेना म्हणून जिन्याच्या पायऱ्या भाड्यानं घेत. हे मी पाहिलेलं नाही. पण सांगून सांगून मला आता त्यांचे चेहरेसुद्धा आठवतात.

मी इथं राहायला आलो तेव्हा सत्तरचं दशक लागलं होतं. एसटी स्टँडाजवळ नवे लॉज झाले होते आणि इथला पंखा इतका सावकाश फिरायचा की चिमणीनं त्यावर घरटं केलं, पिल्लं उडालीसुद्धा, पण एकालाही चक्कर आली नाही. मी यंत्रमागवाल्यांना सुताचा रंग विकत हिंडायचो. मोडनिंबजवळच्या गावी माझं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. लॉजमधली वरची कोपऱ्यातली खोली हेच माझं घर.

त्या दुपारी आलेला पाहुणा गिऱ्हाईक नव्हता. कुर्डुवाडीकडचा बांधकामवाला होता. हॉटेल पाडून तिथं दुकानं काढायचा त्याचा बेत होता, आणि अप्पांच्या पुण्यातल्या मुलांनी ‘एकदाचं विकून टाका’ म्हणून त्यांना निरोप धाडला होता. अप्पा गल्ल्यावर जागेची कागदं घेऊन बसले होते. वेटरला यातलं काही ठाऊक नव्हतं. नवा माणूस दिसला म्हणून तो सवयीनं ओरडला, इतकंच.

पाहुण्यानं मान वर केली. “वर माणसं राहतात?”

अप्पांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, “राहतात म्हणजे? कायमची. तीन नंबरला वकीलसाहेब. आजवर कुठलीच खोली सोडलेली नाही, कोर्टानं सांगूनसुद्धा. पाच नंबरला पैलवान. त्याला जागा मागायला गेलेला माणूस अजून दवाखान्यात आहे, पेज पितोय.”

“आन् सहा नंबरला?”

“मास्तरीणबाई. संध्याकाळी पेटी वाजवतात. त्यांनी सूर धरला की पैलवान दाराबाहेर बसून रडतो. मग वकीलसाहेब त्याला चहा पाजतात, मलाही हाक मारतात.”

हे शेवटचं सांगायची काही गरज नव्हती. पण मला थांबवेना.

पाहुण्यानं चहा तसाच ठेवला. “मालक, ही बिऱ्हाडं काढंपर्यंत माझी नातवंडं म्हातारी होतील,” म्हणाला आणि गेला.

वेटर पोट धरून हसला. आचारी बाहेर येऊन म्हणाला, “तुमी तर सहा नंबरच्या भाकरीला बाईबी आणून बसवली की!” अप्पा हसले नाहीत. त्यांनी कागदं पिशवीत सारली, पिशवीचे बंद आवळले आणि कितीतरी वेळ बंद तसेच धरून बसले.

मी वर गेलो. तीन, पाच, सहा, सगळ्या दारांना कुलपं. सहा नंबरपाशी मी उगाच उभा राहिलो. कुलपावर बोट फिरवलं, धूळ लागली. खाली वेटर पुन्हा कुणासाठी तरी चहा ओरडत होता.

जेवायच्या वेळी खाली आलो. पंगतीला मी एकटाच. अप्पांनी स्वतः ताट आणलं, शेंगाचटणी वाढली. मी विचारलं, “अप्पा, तुमच्या मनात विकायचं होतं का?”

त्यांनी माझ्या तांब्यात पाणी ओतलं.

“उद्या जेवायला हाय का तुमी, तेवढं सांगा.”