सात मे की पाच जुलै

रत्नागिरी स्टेशनच्या बाकावर ती बाई मला एकदाच भेटली. मांडीवर आंब्यांची टोपली. गाडी आली की पदर सारखा करून उठायची आणि उतरणारा एकेक चेहरा निरखायची. तिसरी गाडी गेली तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"पोरगा बोटीवर असतो," ती म्हणाली. "नाटे गावाहून पहाटेच्या एसटीनं आलेय. आज येणार होता. फोन पण लागत नाय."

तिने पिशवीतून कंपनीचा इंग्रजी कागद काढला. वाडीतल्या मास्तरांनी 'सात मे' म्हणून वाचून दिलेला. घरी पोचायची तारीख ०७/०५. आज सात मेच होती. पण वरच्या ओळीत बोटीवरून उतरायची तारीख होती ०६/२८. अठ्ठाविसावा महिना कुठून आणायचा? कंपनी परदेशी, महिना आधी लिहिणारी!

"काकी, सात मे नाही. पाच जुलै आहे."

अजून दोन महिने. मला वाटलं, आता रडणार. तिने त्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे तो हरवला नाय? अजून यायचाय?"

"यायचाय."

ती हसली. टोपलीतले चार आंबे तिने माझ्या पिशवीत घातले. "खा तू. जुलैत आंबा कुठला? त्याच्यासाठी रस वाळवून साठं घालून ठेवीन."

तेव्हापासून तारीख लिहिताना मी महिना अक्षरांत लिहितो. कागद कोणाच्या आईच्या हाती पडेल, सांगता येत नाही.