रोवेनाने उलटलेला दगड

माझी बायको रोवेना अर्नाळ्याच्या खडकांत पोटावर पडून पाण्याखालचे फोटो काढते. आमच्याकडचा समुद्र म्हणजे दुधाचा चहा. त्यात बुडवलेला हात दिसत नाही. पण मोठ्या ओहोटीला खळग्यांत अडकलेलं पाणी तासाभरात निवळतं. मी वालीवला ॲक्रिलिकचे बोर्ड बनवतो, म्हणून तिला एक पारदर्शक बंद पेटी जोडून दिली. मोबाईल आत ठेवायचा, पेटी पाण्यात दाबायची. लोक बायकोला सोनं करतात, मी पेटी केली, आणि ही त्यावर खूश!

माझी आई ग्रेसी त्याच खडकांत चाळीस वर्षं दगडांना चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, फोडतेय. तिथल्या सगळ्या बायकांचा एक नेम आहे: उलटलेला दगड होता तसा पालथा घालायचा, मगच पुढे सरकायचं. सुनेला तिने हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

फेब्रुवारीत रोवेनाला एका दगडाखाली ऑक्टोपसची मादी दिसली. दगडाच्या पोटाला तांदळाएवढ्या अंड्यांचे घोस, आणि मादी त्यांना कवटाळून बसलेली. उजेड पुरेना, म्हणून रोवेनाने दगड उचलून कलता टेकवला. फोटो काय आला म्हणून सांगू! अंड्यांतल्या पिल्लांचे डोळेसुद्धा दिसत होते. तेवढ्यात भरती लागली, पेटीत पाणी शिरलं, आणि बाई मोबाईल छातीशी धरून पळाली. संध्याकाळीच तिने तो फोटो वसईतल्या एका प्रदर्शनाला पाठवला. पाच वर्षं पाठवत होती, एकदाही निवड झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना तिथे गेल्या. लाटेने दगड पार उताणा पाडला होता. अंडी उन्हात सुकलेली, मादी त्यांच्यावरच मेलेली. आई सवयीने दगडाला हात घालायला वाकली आणि थांबली.

"हा तूच पालथा घाल," ती म्हणाली.

रोवेनाच्याने हात लाववेना. दोघी तशाच घरी आल्या.

महिन्याभराने कळलं, फोटो निवडला गेलाय. मी वालीवला पेढे वाटून मोकळा झालो. फक्त एका कागदावर सही हवी होती: फोटो काढताना प्राण्याला त्रास दिलेला नाही. रोवेना सही करेना. मी चिडलो. दगडाचं कुणाला कळणार आहे, म्हटलं.

"ती हलली नाही, फ्लॉईड. मी मोबाईल घेऊन पळाले, ती तिथेच बसून राहिली."

कागद गेलाच नाही, फोटो यादीतून निघाला. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. राग कमी होता, वाईटच जास्त वाटत होतं.

प्रदर्शनाच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ती पेटी घेऊन खडकांत गेली. मीही मागोमाग गेलो. तो दगड अजून उताणाच होता. अंड्यांचा मागमूस राहिला नव्हता, वर शेवाळ धरलेलं. रोवेनाने पेटी खाली ठेवली, दोन्ही हात घालून दगड पालथा केला आणि नीट बसेपर्यंत हलवत राहिली. पलीकडे आई कालवं फोडत होती. तिने बघितलं, आणि सरकून सुनेला शेजारच्या खळग्याजवळ जागा करून दिली.