मी राजीनामा दिलाच नव्हता

मला सोडायला नागपूर स्टेशनवर निम्मी स्टाफरूम आली होती. गळ्यात झेंडूचे हार, अंगात नवा टेरिकॉटचा सूट, आणि महिना मे. वडील सकाळच्या एस.टी.ने काटोलहून आले होते. भेटेल त्याला, अगदी अनोळखी हमालालासुद्धा ते सांगत होते, "पक्की नोकरी सोडून चालला माहा पोरगा. राजीनामा फेकला तोंडावर. वाघाचं काळीज लागते गा!" मी हार सारखे करत हसत होतो. मनोहर मेश्रामने माझी ट्रंक बर्थखाली सरकवली. आम्ही दोघं एकाच शाळेत इंग्रजी शिकवत होतो. घाम पुसत तो म्हणाला, "तू जाऊन राहिला विनायक, आता पाह्य, मांगून मी येतोच."

मुंबईहून विमानाने नायजेरियाला जायचं होतं, तिथल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला.

वडील सांगत होते ते खरं नव्हतं, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. शाळा चालवणाऱ्या संस्थेत माझे मामा होते. त्यांनी मला बिनपगारी रजा मिळवून दिली आणि बजावलं, "कोनाले सांगू नको. नाही तं उद्या सगळेच मागतीन." मग संस्थेनेच निरोपसमारंभ केला. मुख्याध्यापक माझ्या धाडसावर बोलले. शाल घेताना मी मान खाली घातली, ती लोकांना नम्रता वाटली.

हे इतक्या वर्षांनी लिहायचं कारण माझ्या पुतणीची मुलगी रेवती. तिलाही परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं आहे. एक एजन्सी पैसे घेऊन नोकरी लावून देते म्हणे. परवा तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही एजंटकडूनच गेला होतात ना? तुमचं तर चांगलंच झालं. मग देऊ का पैसे?" माझं चांगलंच झालं, हे आमच्या घरात सगळेच म्हणतात. नागपूरच्या बेसा भागातला हा बंगला त्याच कमाईतून उभा आहे.

आमचा एजंट मदनबाबू. इतवारीत कापडाच्या दुकानावरच्या माडीवर त्याचं ऑफिस होतं. भिंतीवर जगाचा नकाशा, आफ्रिकेवर लाल टाचण्या. बायकोचे दागिने मोडून मी त्याची फी भरली होती. नायजेरियात पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात केरळचे एक सहकारी मला म्हणाले, "फी? कसली फी?" तिथल्या सरकारचे लोक दरवर्षी दिल्लीला येत, पेपरात जाहिरात देत, मुलाखती घेत. तिकीटही सरकारचंच. मदनबाबूने माझा अर्ज पाकिटात घालून दिल्लीला पाठवला, एवढंच केलं होतं. क्वार्टर्सच्या व्हरांड्यात सगळे हसले. मीही हसलो. घरी मात्र कधी कळवलं नाही. आपण फसलो, हे कोणाला लिहावंसं वाटतं? जे माझ्यासारखे लागोसला, अदिस अबाबाला, त्रिपोलीला गेले, त्यांनी मनात बघावं. आपण घरी काय लिहिलं आणि काय गाळलं, ते आपल्यालाच माहीत.

तिथलं आयुष्य वाईट नव्हतं. मुलं 'मालम' म्हणत, म्हणजे गुरुजी. हिवाळ्यात हारमॅटनची, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची, धूळ सुटली की खडू, वह्या, भात, सगळं एकाच रंगाचं होई. पगार नायरात, तिथल्या चलनात, मिळे. संध्याकाळी मी कंपाउंडमध्ये खुर्ची टाकून बसे आणि मला काटोलच्या संत्र्याच्या बागा नव्हे, आमची स्टाफरूम आठवे. मेश्राम आपल्या डब्यातली झुणका-भाकर माझ्याकडे सरकवायचा, ते आठवे.

पहिल्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा मदनबाबूचा निरोप आला. त्याची एक पद्धत होती. परदेशातून आलेला प्रत्येक मास्तराला तो दुपारच्या चहाला बोलवी आणि नकाशाखालच्या खुर्चीत बसवी. नवी गिऱ्हाइकं त्याच वेळी येत. मला म्हणाला, "मास्टरजी, आपको कुछ बोलना नहीं है. बस बैठना है." मी बसलो. खरं तर तिथेच त्याची कॉलर धरायला हवी होती. पण समोरच्या बाकावरची माणसं माझ्या घड्याळाकडे, बुटांकडे बघत होती, आणि ते मला आवडत होतं.

त्या दुपारी मेश्राम आला. सोबत त्याची बायको शांताबाई. मेश्रामच्या घराण्यात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा तो पहिला. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर मिलमध्ये सूत ओढलं होतं. मदनबाबू त्याला समजावत होता, की दिल्लीवाले फक्त मोकळा माणूस घेतात, आधी राजीनामा द्यावा लागेल.

शांताबाईंनी मदनबाबूकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "भाऊजी, नोकरी सोडाच लागते काय? सुट्टी नाही भेटत?"

मेश्राम हसला. "हे आशीच आहे भेकड. अवं, विनायकनं नाही सोडली काय?"

"त्याहिलेच बोलू द्या ना," शांताबाई म्हणाल्या.

मामांना दिलेला शब्द आठवला, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला त्या बाकावरच्या माणसांसमोर वाघाच्या काळजाचाच राहायचं होतं. मी म्हणालो, "वहिनी, सोडल्याशिवाय काही मिळत नाही. मी सोडलीच ना?"

मेश्रामने राजीनामा दिला. त्या वर्षी दिल्लीला कोणी आलंच नाही. तेलाचा भाव पडला होता, नायजेरियाने माणसं घेणं थांबवलं. मदनबाबू म्हणत राहिला, अगले साल. तोपर्यंत शाळेतली मेश्रामची जागा संस्थेतल्या कुणाच्या तरी सुनेला मिळाली.

पुढे मी परतलो आणि रजा संपवून त्याच शाळेत हजर झालो. गावात सांगितलं गेलं, की संस्थेने मोठ्या मनाने परत घेतलं. ते ऐकून मेश्राम अर्ज घेऊन आला. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "सर, याले घेतलं ना? मलेही घ्या. माहा रिझल्ट पाहा." मी शेजारच्या टेबलावर पेपर तपासत होतो. मुख्याध्यापक जागा नाही म्हणाले. मेश्रामने माझ्याकडे पाहिलं. मी लाल पेन्सिलीला टोक काढू लागलो.

त्याने उत्तर नागपुरात घरातच शिकवण्या घेतल्या. पोरं शिकवली, घर धकवलं. पण पुन्हा कुठल्या शाळेत कायम झाला नाही. मला भेटला की चांगलंच बोलायचा. जात बघून संस्थेने आपल्याला डावललं, असं तो समजत आला. ते खोटंही नव्हतं. फक्त त्यात माझा वाटा त्याला माहीत नव्हता.

रेवतीला मी सगळं सांगितलं आणि पैसे देऊ नकोस म्हणालो. मग दुसऱ्या दिवशी मेश्रामकडे गेलो. तो खाटेवर बसला होता, शांताबाई तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं. तो म्हणाला, "हेडमास्तरनं माहा राजीनामा पंधरा दिवस तसाच ठेवला होता. इचार करून पाहा म्हणे. मी त्याले तुहं नाव सांगितलं."

शांताबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्या माझ्याशी नाही, नवऱ्याशी बोलल्या. "आता सांगा. भेकड होती ना मी? जलमभर आयकलं मी ते."

मेश्राम तिच्याकडे बघू शकला नाही. माझ्या खोट्याने मेश्रामची फक्त नोकरी गेली, असं मला वाटत होतं. त्या खोट्याने या बाईच्या शब्दाची घरातली किंमतसुद्धा गेली होती, हे मला तिथे बसल्यावर कळलं. चहा आला नाही. मी उठलो, तेव्हा कोणी थांब म्हणालं नाही.

तुमच्यापैकी जे निघाले आहेत त्यांना एवढंच सांगतो. एजंटला पैसे देऊ नका. आणि त्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला, तुला काय मिळालं ते विचारू नका. परतायची काय सोय ठेवून गेला होतास, ते विचारा.

परदेशात असताना घर म्हणजे अख्खं नागपूर वाटायचं. आता याच शहरात राहतो. इतवारीत जातो, काटोलला जातो, सगळीकडे लोक बसा म्हणतात. फक्त एका दारात मला जाता येत नाही, आणि संध्याकाळ झाली की मला तिथेच जावंसं वाटतं.