सदा बारा वाजलेले घड्याळ

रेडिओचे घड्याळ आमच्या घरी आखातातून आले. बायकोचा थोरला भाऊ तिकडे ड्रायव्हर होता. सुट्टीवर आला की बहिणीसाठी काहीतरी आणायचा. त्या वर्षी साबण, खजूर आणि हे. काळ्या प्लॅस्टिकची विटेएवढी पेटी, पुढच्या काचेत लाल आकडे. वेळ तीच दाखवायची, गजर तीच द्यायची, रेडिओही तिच्यातच.

मी तेव्हा जव्हारात तालुक्याचा वार्ताहर होतो. बायको जामसरच्या पुढे एका पाड्यावर प्राथमिक शिक्षिका होती, रोज जाऊन येऊन. भाड्याच्या खोलीला पत्रे होते आणि उशाशी एकच प्लग. टेबलफॅन काढून तिथे घड्याळ बसवले.

गुण आधी सांगून टाकतो, कारण ते थोडे आहेत. अंधारात वेळ दिसते. किल्ली द्यावी लागत नाही. गजराला भोंगा लावता येतो, नको असेल तर रेडिओ.

बाकी सगळी किळस. तो लाल उजेड, डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यासारखा, रात्रभर उशाशी उघडा असायचा. वीज गेली की घड्याळ वेळ विसरायचे आणि वीज आली की बारा वाजल्याचे दाखवत उघडझाप करत बसायचे. जव्हारला वीज रोज जायची. घरमालकीण दारातून डोकावून बायकोला म्हणायची, "काय बाई, तुमच्याकडं सदा बाराच वाजलेले."

वेळ लक्षात राहावी म्हणून घड्याळाच्या पोटात चौकोनी सेल घालायची सोय होती. पहिल्याच पावसाळ्यात तो फुटला आणि हिरवट पू धरावा तसा त्याचा रस खणात साचला. मी तो काडीने खरवडून काढला; वास दोन दिवस बोटांना होता. पेटी कायम कोमट राहायची, म्हणून झुरळांनी आत घर केले. एकदा एक झुरळ काचेमागे आकड्यांवरून चालत गेले. आठाचा तीन झाला, मग परत आठ. मी पेटी बाहेर टाकायला निघालो, तर बायकोने हातातून घेतली आणि फडक्याने पुसून जागेवर ठेवली. दादाने दिलेय, एवढेच म्हणाली.

सुरुवातीला भोंगा एकदाच वाजला. आमची मुलगी चार वर्षांची होती. ती किंचाळत उठली आणि अंथरुणातच ओकली. अंथरूण धुतले, त्या दिवशी बायकोची जीप चुकली, आणि तेव्हापासून कळ रेडिओकडे राहिली. सहाला भक्तिगीते लागायची. बायको उठायची, मुलगी झोपलेली राहायची. हा एक गुण मात्र खरा होता, आणि आम्ही त्याच्यावरच फसलो.

जामसरकडची मुदत संपली होती, बायकोची बदली होणारच होती. मे महिन्यातल्या बदल्या त्या वर्षी जूनअखेरपर्यंत लांबल्या. ठाण्याला, तेव्हाच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, सगळ्यांना एकाच दिवशी बोलावले होते. नाव पुकारले की रिकाम्या शाळांतली एक निवडायची. हजर नसलात तर नंबर शेवटी. बायकोचा नंबर वर होता आणि जव्हार गावातच एक जागा रिकामी होती. ती मिळाली असती तर मुलगी दुपारी आईच्या ताटात जेवली असती.

पहिली एसटी पाचची. बायकोने नवा सेल घातला, साडेचारचा गजर लावला, तो पहाटेचाच आहे ना हे मला बघायला लावले. भोंगा लाव, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "नको हो. रेडिओच असू दे. पोर घाबरते."

त्या रात्री वीज गेली नाही. सेलची गरज पडली नाही. घड्याळाने साडेचारला, लावल्याप्रमाणे, रेडिओ चालू केला. पण त्या वेळी केंद्र सुरू झालेले नसते. पेटीतून नुसती खरखर येत राहिली, आणि वर पत्र्यावर जव्हारचा पाऊस चालू होता. दोन्हींचा आवाज एकच. आम्ही तिघे त्या आवाजात झोपून राहिलो. भक्तिगीत लागले तेव्हा एसटी विक्रमगडच्याही पुढे गेली असणार.

मुलीला घरमालकिणीकडे ठेवून आम्ही मिळेल त्या जीपने आणि ट्रकने निघालो. ठाण्याला पोचलो तेव्हा तिचे नाव पुकारून झाले होते. जव्हारची जागा दुसऱ्या एका बाईंनी घेतली होती. त्या बाई वेळेवर आल्या होत्या. त्यांचे काही चुकले नव्हते. टेबलामागच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिले.

"घरी घड्याळ नाही का, बाई?"

"आहे," बायको म्हणाली. "फॉरेनचं आहे."

मागच्या बाकांवर हशा पिकला. ती हसली नाही. शेवटी उरलेल्या शाळांतून तिला मोखाड्याच्या पलीकडचा एक पाडा मिळाला. रोज जाऊन येण्यासारखा नव्हता. सोमवारी पहाटे जायचे, शनिवारी परत. तिथे वीज नव्हती आणि पावसात ओढा चढला की वाट बंद, म्हणून मुलगी माझ्याकडे राहिली.

पुढच्या सुट्टीत मेहुणा आला. आधी उशाकडे बघून त्याने विचारले, "चालतंय ना गं, बाय?"

"चालतं, दादा. अगदी वेळेवर."

तो खूश झाला. पुढच्या खेपेला याहून मोठ्या आवाजाचे आणतो, असे मला म्हणाला. मी चहा पुढे केला.

सोमवारी पहाटे आम्ही भोंगाच लावू लागलो. दुसरा इलाज नव्हता. मुलगी पुढे किंचाळायची थांबली. भोंगा वाजायच्या आधीच ती जागी असायची. आईचे मनगट दोन्ही हातांनी धरून, लाल आकड्यांकडे बघत.