आमच्या वेशीवर जवानासाठी फटाका वाजत नाही

मंडळी, आज आमचा दादा फौजेतून रिटायर होऊन माणदेशातल्या आमच्या गावी आला. वेशीवर हार होते, गुलाल होता. साताऱ्याहून आलेल्या त्याच्या मित्रांनी फटाक्यांची माळ पसरली, तर आमच्या आजोबांनी, आबांनी, तिच्यावर काठीच आडवी धरली.

"आपल्या गावात जवानासाठी फटाका वाजत न्हाई."

मित्र हिरमुसले. मग आबांनी कारण सांगितलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांचे सुभेदार वडील आपल्या जवानांना घेऊन ब्रह्मदेशातून याच वेशीवर आले. फटाके उडाले, तसा एक जवान डोकं झाकून फुफाट्यात पालथा पडला. लोक हसले.

सुभेदार कुणावर ओरडले नाहीत. छातीवरच्या मेडलांसकट ते त्याच्या शेजारी पालथे झाले. मागोमाग बाकीचे जवानही. हसणं जागीच थांबलं, आणि गावातले फटाकेही.

गोष्ट मी शंभरदा ऐकलीय, पण आज ऊर भरून आला. कारण एरवी गप्प असणारा दादा आबांच्या पायाशी वाकून हळूच म्हणाला, "आबा, लय बरं केलंसा. येताना सगळी वाट त्याचंच भ्या हुतं."

सीमेवर न डगमगलेल्या माणसाला घरच्या वेशीवर भीती वाटू नये, एवढं तुमचं गाव करतं का?